कान्याची कळ

बाईंच्या क्लासमधल्या एकाही कीबोर्डला बॅकस्पेस नव्हती. म्हणजे कळ होती, पण तिच्यावरची टोपी बाईंनी उपटून लोणच्याच्या एका जुन्या बरणीत टाकलेली होती. नवीन पोरगी आली की पहिल्याच दिवशी तिची करंगळी त्या मोकळ्या जागेवर जायची. ती विचारायची, "बाई, हे तुटलंय का?"

"न्हाय. काढलंय," बाई म्हणायच्या. "खोडायची सोय असली की माणूस बघून लिहीत न्हाय."

बाई धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत राहायच्या, बाजाराच्या मागं, दोन खोल्यांत. यजमान लवकर गेलेले, एकुलती लेक लातूरला नोकरीला. कोर्टात टायपिस्ट म्हणून उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्या खोलीत सहा टेबलं मांडून त्यांनी क्लास सुरू केला. उंच, सडपातळ बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला तोंड करून. अंबाड्यात पिनेऐवजी स्क्रू काढायचा छोटा पेचकस खोवलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बाईंच्या हातचा एकच कागद: 'बोटांना डोळे असतात. डोळ्यांनी बोटांचं काम करू नये.' हे नुसतं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक टेबलावर जुन्या साडीचा एक पडदा शिवलेला होता, त्याच्याखाली हात घालून टाइप करायचं. कळा दिसायच्याच नाहीत.

मी माझ्या गावाहून, ईटहून, सकाळच्या एसटीनं यायचे. तेरखेड्याच्या दोघी यायच्या, त्यांच्या घरी फटाक्यांचं काम चालायचं. त्यांच्या नखांत कायम चंदेरी पूड. बाई त्यांना दारातच थांबवायच्या, साबण द्यायच्या आणि नखं बघूनच आत घ्यायच्या. "ही पूड कळीत गेली तर माझ्या मशीनची दिवाळी होईल," म्हणायच्या. त्या दोघी खिदळत हात धुवायच्या.

आतल्या खोलीत भाकरी थापता थापता बाईंचं ध्यान बाहेर असायचं. मध्येच आवाज यायचा, "तिसरं टेबल, अडखळलीस!" तिसऱ्या टेबलावरची दचकायची. कधी म्हणायच्या, "पाचव्याची ती कळ आठ दिवसांची सोबती हाय," आणि आठ-दहा दिवसांत खरंच ती कळ अडकायला लागायची.

कळांचं त्यांना फार. बाजारात मिळणारे गुळगुळीत, रबरावरचे कीबोर्ड त्यांना चालत नसत. असल्या कीबोर्डांना बाई मुक्या कळा म्हणायच्या. बार्शीच्या एका भंगारवाल्याकडून त्या जुने, जड कीबोर्ड आणायच्या. त्यांत प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो, आत बारकी स्प्रिंग आणि तांब्याची पत्ती, दाबलं की टक् वाजतं. एखादा स्विच बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. हे काम बाई स्वयंपाकाच्या ओट्यावर करायच्या. एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, सळई. आम्हाला किती तरी वेळा वरणाच्या फोडणीचा आणि डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास एकदमच यायचा.

सगळ्यांत आधी बिघडायची ती कान्याची कळ. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीत काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो आणि मराठीत तो सारखा लागतो. शिवाय ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं मशीन अर्धीच देतं, त्यांना काना लावला की ती पुरी होतात. "काना म्हणजे मराठीचा कणा," बाई म्हणायच्या. "कणा मोडला की माणूस काय आणि अक्षर काय, अर्धंच."

पुस्तकातले उतारे त्या आम्हाला फारसे देत नसत. आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडं अर्ज लिहून घ्यायला यायचे, तेच आम्ही टाइप करायचो. एकदा एक म्हातारेबाबा आले. त्यांचं नाव नाना. कुठल्याशा कागदावर ते 'नना' पडलं होतं आणि ते दुरुस्त करायला बाबा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि आम्हा सहा जणींना फर्मावलं, "प्रत्येकीनं वीस वेळा नाना." खोलीत एकच कडकडाट सुरू झाला. बाबा घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. बाई म्हणाल्या, "तुमचंच नाव चाललंय, बाबा. आता ह्यातली एक जरी पोरगी सरकारी नोकरीत लागली, तर जन्मात कुणाला नना करणार न्हाय." बाबा खुर्चीत जरा ताठ बसले.

माझा कीबोर्ड बाईंनी स्वतः जोडून दिला होता. दोन मेलेल्या कीबोर्डांचे चांगले स्विच काढून तिसऱ्यात बसवलेले. वर्षभर त्याच्यावर मी घरी सराव केला, चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून. मग एका कचेरीत लिपिकांची भरती निघाली. लेखी परीक्षेत मी वर आले. टायपिंगची चाचणी संभाजीनगरला होती आणि स्वतःचा कीबोर्ड आणायला परवानगी होती. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी माझ्या कीबोर्डची एकेक कळ दाबून, कान लावून तपासली. "हा कुठं कमी पडणार न्हाय," म्हणाल्या.

चाचणी दहा मिनिटांची. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग तळहाताला घाम आला म्हणून मी उजवा हात उचलला, ओढणीला पुसला आणि परत ठेवला. तो एक घर उजवीकडं पडला. माझे डोळे समोरच्या छापील कागदावर. शिकवलंच होतं तसं. चार ओळी मी झपाट्यानं टाइप केल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं, तर तिथं मराठी नव्हतीच. नुसता कचरा. खोडायला मनाई होती. हात परत जागेवर आणून पुढं चालू करायचं, इतकंच करायचं होतं. पण माझी बोटं उचलेनात. उरलेला वेळ मी तशीच बसून राहिले. आजूबाजूला टकटक चाललेली.

परतीच्या एसटीत बीड मागं पडेपर्यंत माझं खोटं तयार झालं होतं. घरी आल्यावर सांगितलं, "काना अडकला. कीबोर्डनं दगा दिला." अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसतेच हं म्हणाले. आईनं कीबोर्डला दोन शिव्या घातल्या. बाईंना फोनवरून तेच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "कान्याचा स्विच मी नवा टाकला होता गं."

"अडकला, बाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पिशवीतून कीबोर्ड काढला. तो धडधाकट होता, हीच अडचण होती. खलातला बत्ता घेतला आणि कान्याच्या कळीवर एक घाव घातला. टोपी उडून पाटाखाली गेली. राग होता, रडू होतं, ते खरंच. पण मी घाव घातला तो खोट्याला पुरावा पाहिजे होता म्हणून. नंतर कीबोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि क्लासला जाणं बंद केलं.

तेरखेड्याच्या दोघीही त्या चाचणीला होत्या. गाडीतून उतरल्यावर बसस्टँडवर त्यांनाही मी तेच सांगितलं होतं. आठवड्याभरात वाशीत बोभाटा झाला, की बाईंचे भंगारातले कीबोर्ड ऐन परीक्षेत बंद पडतात. तीन पोरी क्लास सोडून दुसरीकडं गेल्या, जिथं नवेकोरे कीबोर्ड होते. हे मला मैत्रिणीकडून कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण तोंडही उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी, ऐन उन्हाळ्यात, सकाळच्या एसटीनं बाई आमच्या दारात उभ्या. खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर पदर, कपाळावर घाम.

"भाऊ, पोरीचा कीबोर्ड बघायला आले," त्या अण्णांना म्हणाल्या. "माझ्या हातचं काम कुठं फसलं ते मला बघायचंय."

अण्णांनी त्यांना बाजेवर बसवलं. "पर बाई, लाईट न्हाय. चारशिवाय यायची न्हाय."

"चूल हाय ना?"

"चूल?"

"आमच्या वस्तीत कल्हईवाला यायचा, तो काय लाईटवर करायचा व्हय?" बाईंनी पिशवीतून लाकडी मुठीची एक जाड तांब्याची सळई काढली. अण्णा ती हातात घेऊन उलटसुलट बघायला लागले. त्यांना अवजार दिसलं की राहवत नसे.

आई चहा करायला आत गेली. कप घेताना तिचा हात फळीजवळ जरा थांबला, आमच्या कपांवर की बाजूला वेगळ्या ठेवलेल्या पेल्यावर. मला ते दारातून दिसलं. बाजेवर बसलेल्या बाईंनाही दिसलं असणार, त्यांचं तोंड तिकडंच होतं. मग आईनं आमचे रोजचेच कप काढले, चौघांना चार, आणि स्वतः बाईंच्या शेजारी येऊन बसली. बाईंनी चहा संपवला, कप हातात फिरवून म्हणाल्या, "आलं छान पडलंय." त्यापुढं दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते भाजी निवडून होईपर्यंत थांबलं नाही.

मी माळ्यावरून कीबोर्ड काढला. अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीपुढं बाई मांडी घालून बसल्या, अंबाड्यातून पेचकस उपसला आणि एकेक स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवला. मग कान्याच्या कळीकडं वळल्या. तिथं टोपीखालची दांडी बुडातून तुटलेली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कीबोर्ड उन्हाकडं धरला. तुटल्या जागी प्लास्टिक पांढरं पडलं होतं आणि शेजारच्या कडेला बत्त्याचा गोल दाब उमटला होता. दाबून दाबून झिजलेली कळ कशी दिसते आणि घाव बसलेली कशी, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी दाबावरून एकदा अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी चुलीतल्या जाळाकडं बघत राहिले.

"काय झालंय, बाई?" अण्णांनी विचारलं.

"कळ मोडलीय, भाऊ."

"नेमकी परीक्षेतच मोडावी. पोरीचं नशीब बघा." अण्णा जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका बाई, तुमी लई मेहनत घेतली. पर वस्तूच जुनी. जुन्या वस्तूचा भरवसा न्हाय."

मला वाटलं, आता त्या सांगतील. सांगायलाच पाहिजे होतं. तीन पोरी गेल्या होत्या, नाव गेलं होतं.

बाईंनी सळई उचलली. "व्हय," त्या म्हणाल्या. "वस्तू जुनी हाय खरी."

मग सळईचं टोक निखाऱ्यात खुपसलं आणि मूठ माझ्याकडं केली. "धर. तूच लाव. मी हात लावणार न्हाय."

नवा स्विच नव्हता. बाई म्हणाल्या, वरच्या कोपऱ्यातली स्क्रोल लॉकची कळ बघ, तिला जन्मात कुणी बोट लावत न्हाय, तिचा स्विच आत कोराकरकरीत असतो. तो काढायचा आणि कान्याच्या जागी बसवायचा. आतल्या सर्किटच्या पाटीच्या मागं प्रत्येक स्विचचे दोन पाय कथलानं चिकटवलेले होते. सळई टेकवली की कथील पाण्यासारखं चमकायचं. तेवढ्यात ते तांब्याच्या तारेच्या झुपक्यानं टिपून घ्यायचं. जास्त वेळ टेकवलं तर पाटी जळते, कमी टेकवलं तर पाय सुटत नाहीत. पहिल्यांदा माझं बोट भाजलं. दुसऱ्यांदा सळई गार झाली. अण्णा स्वतः फुंकणी घेऊन जाळ करायला बसले. "आता दे," बाई म्हणायच्या, "आता काढ." बाकी एक शब्द नाही.

तासाभरानं स्विच बसला. चालतो का नाही ते बघायला लाईट नव्हती, तर बाईंनी पिशवीतून विजेरीचा सेल आणि एक बारका बल्ब काढला, दोन तारा पायांना लावल्या. "दाबा, भाऊ," त्या अण्णांना म्हणाल्या. अण्णांनी शेतकऱ्याचं जाडजूड बोट त्या कळीवर ठेवून हळूच दाबलं. बल्ब लागला. सोडलं, विझला. अण्णांनी परत दाबलं. पाच-सहा वेळा तरी दाबलं असेल, आणि प्रत्येक वेळी आईकडं बघून हसत होते.

जेवणं झाल्यावर तीनच्या एसटीसाठी मी बाईंना स्टँडवर सोडायला निघाले. स्टँडवर लिंबाखाली उभं राहिल्यावर मी म्हणाले, "बाई, परीक्षेत कळ चांगली होती. हात एक घर सरकला. मग मी घाबरले. कळ मी घरी आल्यावर मोडली."

"बत्त्यानं का वरवंट्यानं?"

"बत्त्यानं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ओरडतील. त्या रस्त्याकडं बघत बोलायला लागल्या आणि बोलणं पार गावाकडचं झालं.

"मी पहिल्यांदा परीक्षेला बसले तवा उस्मानाबादला मावशीकडं राहून शिकत होते. आख्ख्या वस्तीत इतकी शिकलेली मी एकटी. नापास झाले. आता वस्तीला काय सांगायचं? सांगितलं, मशीन खराब व्हतं. आमच्या वडलांना ते खरं वाटलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. एक दिवशी मला न सांगता एसटीनं उस्मानाबादला गेले आणि क्लासच्या मास्तरांपुढं उभं राहिले. म्हणले, माझ्या पोरीला जरा बरं मशीन द्या. मास्तरांनी माझा परीक्षेचा कागद काढून त्यांच्यापुढं टाकला. म्हणले, मशीन चांगलंय, ह्या तुझ्या पोरीच्या चुका बघ. आता त्यांना वाचता येत असतं तर ना. अर्धा तास उभं व्हते तिथं. बसा म्हणून कुणी म्हणलं न्हाय."

"मग?"

"मग संध्याकाळी मावशीच्या घरी आले. हातात तेलाची बारकी बाटली. मला म्हणले, मास्तर म्हणतेत तेल कमी पडलं व्हतं, ह्ये घे, मशीनला देत जा. बास, इतकंच. पुढच्या वेळी मी पास झाले, तवा मास्तरांनी आपणहून हे सगळं सांगितलं. त्येंनाही नंतर वाईट वाटलं असंल. मी घरी गेले तर वडील त्या बाटलीचंच विचारत व्हते. तेलानं काम केलं बघ, म्हणले." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "तवापासून मी मशीन दुरुस्त करायला शिकले. माझ्या हाताखालच्या मशीनवर परत आळ यायला नको, म्हणून."

एसटीची धूळ दिसायला लागली. "मी क्लासात येऊन सगळ्यांना सांगते, बाई," मी म्हणाले.

"क्लासात सांगायचं तर सांग. न सांगितलंस तरी माझं चालंल. घरी मातूर सांग." आणि पायरीवर पाय ठेवून म्हणाल्या, "माझं सांगायचं राहूनच गेलं. ते गेले, तरी त्यांना तेलच वाटत व्हतं. का तसं दाखवत व्हते, तेही आता कळायचं न्हाय."

त्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते बैलांना वैरण टाकत होते. ऐकून घेतलं, पेंढी सोडली, टाकली. मग म्हणाले, "आन मी बाईंना जुन्या वस्तूचं ऐकवत बसलो." पुढच्या आठवड्यात ते माझ्याबरोबर वाशीला आले, बाईंच्या दारात ज्वारीची अर्धी पिशवी ठेवली आणि बाजाराला गेले. मी क्लासात सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. तेरखेड्याच्या दोघींनी ते जमेल तिथं पोचवलं. गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या, एक आली नाही.

बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या खोलीत मोबाइलचं दुकान आहे. मी धाराशिवला एका कचेरीत टायपिस्ट आहे, आणि कळ बिघडली की घरीच ओट्यावर बसून डाग देते. तरी बाई म्हटलं की मला आठवते ती माझी दुसरी चाचणी. सात-आठ महिन्यांनी मी परत बसले. हात जागेवर राहिला, बोटं थांबली नाहीत, शेवटपर्यंत टाइप केलं. आणि थोडक्यात नापास झाले.

घरी आले तेव्हा अण्णा दारातच होते.

"काय झालं?"

"नापास झाले."

"मशीन?"

"मशीन चांगलं होतं, अण्णा. माझ्याच चुका झाल्या."

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. "बाईंना फोन लाव आधी," म्हणाले.

मी फोन लावला. "बाई, नापास."

"चुका किती?"

मी आकडा सांगितला.

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मोजायला काही नव्हतंच, बाई."

बाई हसल्या. "मग पुढं गेलीस की गं. उद्या सकाळच्या गाडीनं ये."

फोन ठेवला तर अण्णा तिथंच उभे होते. "काय म्हणल्या?"

"उद्या ये म्हणल्या."

"बरं," अण्णा म्हणाले आणि आत वळून आईला हाक मारली, "आगं, सकाळी हिच्या भाकरी लवकर टाक. गाडी सापडली पायजे."